मूत्रपिंडाचे पथ्य : एका उलटलेल्या नियमाचा इतिहास

औषधांचा इतिहास लिहिला जातो, शस्त्रक्रियांचा लिहिला जातो, यंत्रांचा तर सचित्र लिहिला जातो. पथ्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. पथ्य हे जणू आजीच्याही आजीपासून चालत आलेले, त्याला जन्मसाल नाही, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पथ्यालाही जन्मसाल असते, जन्मदाते असतात, आणि कधी कधी एखादे पथ्य अर्ध्या वाटेवर तोंड फिरवून उलट दिशेने चालू लागते. मूत्रपिंडाच्या विकाराचे पथ्य हे याचे ठळक उदाहरण. ‘डाळ बंद’ हा त्यातला घरोघरी ठाऊक असलेला नियम. तो कुठून आला, डायलिसिस सुरू होताच तो का उलटला, आणि उलटल्याची बातमी आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरांत पोचायला इतका वेळ का लागतो, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलातील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अंगावर सूज आलेल्या काही रुग्णांची लघवी तापवली की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळते, आणि अशा रुग्णांची मूत्रपिंडे मृत्यूनंतर रोगट आढळतात, ही सांगड त्यांनी घातली. पुढे कित्येक वर्षे या विकाराला ‘ब्राइटचा रोग’ असेच म्हणत. त्याच सुमारास युरियाचे रसायनही उलगडत होते. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी युरिया प्रयोगशाळेत तयार केला. अन्नातील प्रथिने शरीरात खर्ची पडली की मागे मुख्यतः युरिया उरतो आणि तो मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकला जातो, हे ध्यानात आल्यावर पुढचा विचार सरळच होता. धुराडे तुंबले असेल तर चुलीत लाकडे कमी घालावीत. ‘मूत्रपिंड बिघडले, प्रथिने कमी करा’ या नियमाचे मूळ ते हे.

हा नियम सर्वांत टोकाला नेला तो अमेरिकेत, आणि तोही भाताच्या आधाराने. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून आलेले वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात काम करीत होते. १९३९ पासून त्यांनी तीव्र रक्तदाब व मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांना बिनमिठाचा भात, फळे, फळांचा रस आणि साखर एवढ्यावरच ठेवायला सुरुवात केली. दिवसभरात जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने, आणि मीठ जवळजवळ नाहीच. या उपचाराची एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. १९४२ साली एका बाईला त्यांनी दोन आठवड्यांनी परत यायला सांगितले. त्यांच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीमुळे तिने ‘दोन महिने’ ऐकले, आणि ती दोन महिने निव्वळ भात-फळांवर राहून परत आली. तिची प्रकृती पाहून डॉक्टरच चकित झाले. तोपर्यंत इतका काळ हा आहार देण्याचे धाडस त्यांनी केले नव्हते. एका भाषेत बोललेले दुसऱ्या भाषेच्या कानाला वेगळे लागते, याचा अनुभव आपल्या सीमाभागाला निराळा सांगायला नको. तिथे त्या गैरसमजाने रुग्णाचे भले झाले. दर वेळी तसे होत नाही.

युरोपात याच दिशेने निराळे प्रयोग चालू होते. हॉलंडमध्ये बोर्स्ट यांनी १९४८ साली लोणी आणि साखर यांवर भर देणारा प्रथिनविरहित आहार मांडला. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात बुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली अचानक मूत्रपिंडे बंद पडलेल्या रुग्णांना नाकातून घातलेल्या नळीने ग्लुकोज आणि शेंगदाण्याचे तेल दिले. तेल पाण्यात मिसळून राहावे म्हणून बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक घातला. यामागचा विचार आजही मोलाचा आहे. माणूस उपाशी राहिला तर शरीर स्वतःचेच मांस जाळते, आणि त्यातूनही युरियाच तयार होतो. म्हणून नुसती प्रथिने तोडून भागत नाही. पीठ, साखर, तेल, तूप यांतून पुरेशी ऊर्जा द्यावीच लागते. आपल्याकडे पथ्य म्हटले की आधी तूप बंद, मग गोड बंद, मग ताटातील निम्मे पदार्थ बंद, असा क्रम लागतो. त्यात हा दुसरा अर्धा विचार हरवून जातो.

यानंतरचा टप्पा इटलीचा. नेपल्सचे जोर्दानो यांनी १९६३ साली, आणि पिसाचे जोव्हानेत्ती व माज्जोरे यांनी १९६४ साली, दिवसाला सुमारे २० ग्रॅम प्रथिनांचा आहार जुन्या मूत्रपिंडविकारासाठी सिद्ध केला. गव्हातील प्रथिने काढून टाकून उरलेल्या स्टार्चची शेवई आणि पाव बनवायचे, आणि जी काही थोडी प्रथिने द्यायची ती ‘उत्तम प्रतीची’, म्हणजे मुख्यतः अंड्याची, द्यायची. प्रतीची ही कल्पना १९०९ साली कार्ल थॉमस या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेल्या ‘जैविक मूल्या’वरून आली. अन्नातील नायट्रोजनापैकी किती शरीरात टिकतो, यावरून प्रथिनांची प्रत ठरवली गेली. त्यात अंडे सर्वांत वर बसले, दूध आणि मांस त्याच्या जवळ, धान्ये आणि डाळी खाली. दिवसाला २० ग्रॅमच द्यायची असताना ही मोजपट्टी योग्यच होती. शिधा थोडा असला की दाणा निवडून घ्यावा लागतो. पण ती तेवढ्यापुरतीच राहिली नाही. ‘डाळ हे दुय्यम प्रथिन’ हा शिक्का पुस्तकांतून बसला, आणि शाकाहारी रुग्णाच्या वाट्याला पुढे तो फार काळ आला.

आता यंत्राकडे वळू. ‘डायलिसिस’ हा शब्द रूढ केला स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी, १८६१ साली. वनस्पतिजन्य चर्मपत्राच्या पडद्यातून युरियासारखे लहान कण पलीकडे जातात आणि मोठे अलीकडेच राहतात, हे त्यांनी दाखवले. १९१३ साली बाल्टिमोरमध्ये एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर कुत्र्याचे रक्त शरीराबाहेर काढून शुद्ध केले. रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेला अर्क वापरला. १९२४ साली जर्मनीतील गीसेन येथे हास यांनी माणसावर पहिला प्रयोग केला. पण कामाचे यंत्र उभे केले ते विलेम कोल्फ यांनी. हॉलंड नाझींच्या ताब्यात असताना, कांपेन या लहान गावात, सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून १९४३ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. एकामागून एक रुग्ण दगावत गेले. १९४५ च्या सप्टेंबरात ६७ वर्षांची एक बाई या यंत्रामुळे वाचली.

कोल्फ यांचे यंत्र काही दिवसांची अडचण निभावून नेणारे होते. दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि शेवटी रक्तवाहिन्या संपत. १९६० च्या मार्चमध्ये सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची बसवली, आणि मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो हे प्रथमच दिसले. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा कारागीर पुढे अकरा वर्षे जगला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो प्रभृतींनी धमनी आणि शीर एकमेकींना जोडण्याची युक्ती काढली. आपले रुग्ण आज ज्याला ‘फिस्टुला’ म्हणतात ती हीच. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या उपचारांचा पाया घातला; तेथे १९७१ साली मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाले. आता जिल्ह्याच्या ठिकाणी, कित्येकदा तालुक्यालाही, डायलिसिस होतो. २०१६ साली केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांसाठी त्याची राष्ट्रीय योजनाही सुरू केली.

नियम उलटला तो इथे. यंत्र विष आणि पोषण असा भेद करीत नाही. पडद्याच्या भोकातून जे जाऊ शकेल ते जाते. युरिया जातो, तशीच प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लेही जातात; एका बैठकीत साधारण ६ ते ८ ग्रॅम. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही वाहून जातात. पोटातून करतात त्या डायलिसिसमध्ये तर रोज ५ ते १५ ग्रॅमपर्यंत प्रथिने जाऊ शकतात. शिवाय रक्त यंत्रातून फिरते त्या काळात शरीर आपले स्नायू अधिक वेगाने मोडते. म्हणजे ज्या माणसाला काल ‘प्रथिने कमी खा’ सांगायचे, त्यालाच डायलिसिस सुरू झाल्यावर ‘प्रथिने जास्त खा’ सांगणे आले. आकड्यांत सांगायचे तर ६० किलो वजनाच्या रुग्णाला डायलिसिसपूर्वी ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिने पुरतात. डायलिसिसवर गेल्यावर ६० ते ७२ ग्रॅम लागतात.

हे डॉक्टरांनाही एका दिवसात पटले नाही. रक्तातला युरिया कमी म्हणजे रुग्ण बरा, असे बराच काळ मानले जाई. अमेरिकेतील एका मोठ्या सहकारी अभ्यासाचे निष्कर्ष १९८१ साली आले आणि १९८५ साली त्यांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा दिसले की युरिया कमी असण्याचे कारण पुष्कळदा चांगले डायलिसिस नसून अपुरे जेवण असते, आणि असे रुग्ण वाईट अवस्थेत जातात. १९९० साली लाउरी आणि ल्यू यांनी बारा हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या तपासण्या ताडून पाहिल्या. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन ज्यांचे कमी, त्यांच्या मृत्यूचा धोका कितीतरी पटींनी जास्त होता. आजारपणाची सूजही अल्ब्युमिन उतरवते हे खरे. पण रुग्ण खातो किती, हा प्रश्न त्यानंतर बाजूला सारता आला नाही.

हे सारे मी का वाचत बसलो, ते सांगायला हवे. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आमचे घर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, वर्षाची वारी. वहिनी माहेरच्या धारवाडकडच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या. दादांची मूत्रपिंडे मंदावली तेव्हा एका डॉक्टरांनी इंग्रजीत पथ्याचा कागद दिला होता. वहिनींनी तो कोणाकडून तरी समजून घेऊन कन्नड अक्षरांत उतरवला आणि फडताळाच्या दाराला चिकटवला. दोन वर्षे त्यांनी तो अक्षरशः पाळला. मग डायलिसिस सुरू झाला, आठवड्यातून दोनदा. कागद मात्र दारावर तोच राहिला, कारण तो बदलला आहे असे कोणी सांगितले नाही. आमटी ढवळायची नाही, तळाची डाळ बाकीच्यांना आणि वरचे पाणी दादांना, हा वहिनींचा नेम. वजनाच्या काट्यावर दादा तेवढेच भरत. पण आतले मांस झडत होते आणि त्याच्या जागी पाणी साठत होते. सूज उतरल्यावरचे खरे वजन, ज्याला डायलिसिसवाले ‘ड्राय वेट’ म्हणतात, ते घसरत चालले होते. सदऱ्याची बटणे लावताना त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा ते आमच्या लक्षात आले.

मग सल्ला आला : रोज दोन अंडी. दादांनी माळेला हात लावला आणि एवढेच म्हणाले, “ते राहू दे.” त्यावर घरात दोन तट पडले. पुतण्या म्हणे, औषध म्हणून घ्या. वहिनी म्हणत, त्यांच्या मनाविरुद्ध मी माझ्या चुलीवर शिजवणार नाही. कोणाचेच म्हणणे खोटे नव्हते. अंडे सोयीचे असते यात शंका नाही, विशेषतः नुसता पांढरा भाग. त्यात प्रथिने पुष्कळ आणि फॉस्फरस फार थोडा. पण अंड्यावाचून हे होतच नाही का, असा प्रश्न मला पडला, आणि त्याचे उत्तर शोधताना हा सारा इतिहास हाती आला.

उत्तर असे की होते. मात्र मोजून करावे लागते. आपल्या अन्नाचे मोजमाप नवे नाही. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून अॅक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. तीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, तुरीच्या डाळीत २२, मुगाच्या डाळीत २४, शेंगदाण्यात २५, पनीरमध्ये १८ आणि सोयाबीनमध्ये ४३ ग्रॅम प्रथिने असतात. आता साध्या घरचे ताट मांडू. दोन भाकऱ्या १२ ग्रॅम, एक वेळचा भात ५, वाटीभर घट्ट वरण ७, दिवसभरात दोन वाट्या दही ६, एक पेला दूध ५, बेरीज ३५. म्हणजे नेहमीचे पोटभर जेवणही डायलिसिसच्या रुग्णाला निम्मेच पुरते. त्यात ५० ग्रॅम पनीर, मुगाचे एक जाडसर धिरडे आणि मूठभर सोयाबीनचे काही केले तर ६० च्या पुढे जाते. दूध-दह्याचे पाणी दिवसाच्या पाण्यात धरावे लागते, एवढे भान हवे. भाकरीत जे लायसिन कमी, ते पिठल्यात असते. डाळीत जे कमी, ते धान्यात असते. भाकरी-पिठल्याची जोडी आपल्या पूर्वजांनी रसायन शिकून लावली नव्हती, पण ती बसली खरी.

शास्त्राचा नियमही हळूहळू सैल झाला. अमेरिकेच्या मूत्रपिंड संस्थेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शनात निम्मी प्रथिने ‘उच्च जैविक मूल्या’ची असावीत असे म्हटले होते. २०२० च्या सुधारित मार्गदर्शनात पुरेशा प्रमाणावर भर आहे. प्राणिजच हवीत की वनस्पतिजन्य, असा एका बाजूने कौल देण्याइतका पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. तैवानमधील शाकाहारी डायलिसिस रुग्णांचा एक अभ्यास २०११ साली आला. त्यांचे वजन व प्रथिनांचे सेवन इतरांहून थोडे कमी भरले, पण एकंदर पोषणाची अवस्था आणि रोजची कामे करण्याची ताकद यांत फारसा फरक दिसला नाही.

फॉस्फरसच्या बाबतीत तर डाळीवरचा जुना आरोप बराच सौम्य झाला आहे. डाळीत फॉस्फरस दिसतो भरपूर, पण त्यातला मोठा भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि माणसाच्या आतड्याला तो सगळा सोडवता येत नाही. शॅरन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली डायलिसिसच्या अलीकडच्या टप्प्यातील नऊ रुग्णांना एक आठवडा मांसाहारी आणि एक आठवडा शाकाहारी जेवण दिले. दोन्हींत फॉस्फरस सारखाच मोजलेला. तरी शाकाहारी आठवड्यात रक्तातला फॉस्फरस कमी निघाला. उलट कोला, डब्यातले चीज, पाकीटबंद पदार्थ यांत मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सारेच्या सारे रक्तात जाते. खरे भय डाळीपेक्षा त्या पाकिटाचे आहे.

पोटॅशियम मात्र शाकाहाराची खरी अवघड जागा. ते वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. ते पाण्यात उतरते, म्हणून भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडाव्या आणि पाणी टाकून द्यावे. कडधान्ये भिजवलेले पाणीही टाकावे. आपल्याकडे पुरणासाठी डाळ शिजवून तिचा कट काढतात. प्रथिने बहुतेक डाळीत राहतात, पोटॅशियमचा बराच भाग कटात जातो. म्हणजे डायलिसिसच्या रुग्णाला कटाची आमटी वर्ज्य आणि डाळ हिताची. वहिनी मायेने देत होत्या ते वरचे पाणी नेमके उलटे ठरत होते. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यायची आपली रीतही याच कारणाने घातक. ‘कमी सोडियमचे मीठ’ही तसेच, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते.

आणखी एका फळाचे नाव इथे घेतलेच पाहिजे. आपण ज्याला कमरख किंवा करंबळ म्हणतो, ते पाचधारी आंबट फळ गोव्या-कोकणात परसात असते. गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पोर्तुगीजांचा ‘कॅरॅम्बोला’ हा शब्द कोशकार आपल्या ‘करंबळा’पर्यंत नेतात. निरोग्याला हे फळ सहसा बाधत नाही. पण ब्राझील आणि तैवानमधून १९९० च्या दशकापासून वृत्तान्त येऊ लागले : डायलिसिसच्या रुग्णांनी ते खाल्ले की न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके, आणि काहींना मृत्यू. २०१३ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी त्यातले विष वेगळे काढले आणि त्याला ‘कॅरॅम्बॉक्सिन’ असे नाव दिले. आपल्या परसातला मराठी शब्द असा एका विषाच्या नावात जाऊन बसला आहे. डायलिसिसच्या रुग्णाने या फळाची फोडही तोंडात घालू नये.

दादांपुरते सांगायचे तर पुढे एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीने वहिनींशी कन्नडात बसून बोलणे केले. घरातलीच वाटी घेऊन डाळ मोजली, पनीर मोजले, आणि नवा कागद वहिनींच्याच हाताने लिहून घेतला. एकादशीचा प्रश्न दादांनीच काढला. साबुदाण्यात प्रथिने नसल्यासारखीच, आणि सोबतीला रताळे-केळे म्हणजे पोटॅशियम. तिने उपास मोडायला सांगितले नाही. उपासाला चालणारे पनीर आणि दही वाढवले, रताळे-केळे काढले, शेंगदाणा मोजका ठेवला. शाकाहाऱ्यांत कमी पडणाऱ्या बी-१२ ची तपासणीही तिनेच सुचवली. अल्ब्युमिन हळूहळू चढले. चमत्कार झाला नाही. आजार होता तो राहिलाच. दादा त्यानंतर चार वर्षे जगले. त्यांतली तीन वर्षे सदऱ्याची बटणे त्यांनी स्वतः लावली, आणि माळ शेवटपर्यंत गळ्यात होती.

पथ्याच्या कागदावर तारीख असते, पण तो कोणत्या टप्प्यासाठी आहे हे बहुधा लिहिलेले नसते. डायलिसिसपूर्वीचे पथ्य आणि डायलिसिसवरचे पथ्य ही दोन वेगळी पथ्ये आहेत, आणि प्रत्येक रुग्णाचे प्रमाण त्याच्या तपासण्यांवरून त्याच्या डॉक्टरांनी व आहारतज्ज्ञांनीच ठरवायचे असते. ज्या घरात असा रुग्ण असेल त्या घराने पहिल्या डायलिसिसच्या दिवशीच विचारावे : जुना कागद आता काढू का? आणि नवा कागद जी बाई किंवा जो पुरुष रोज चुलीपुढे उभा राहतो, त्याच्या भाषेत लिहून मागावा. मराठी असो, कन्नड असो, कोकणी असो. तेवढे विचारायला पैसे पडत नाहीत.